मोडला नाही, वाकला

बस. डबा आत नको, इथे पडवीतच ठेव, उजेडात. झाकण मी उघडते.

आता यातला एक काप उचल आणि वाकव. काय झालं? मोडला? वाकला. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वाकला आणि सोडल्यावर तसाच राहिला. डब्यावर मात्र चिठ्ठी डकवून आणली आहेस, ‘कुरकुरीत मसाला कारली’. अक्षर सुरेख आहे, ते शाळेपासून सुरेख होतं. पण कुरकुरीत या शब्दात ‘कुर’ दोनदा येतो, तुझ्या डब्यातून तो एकदाही आला नाही.

घरी चार माणसांत खायला केले असतेस तर मी गप्प बसले असते. पण तू हे दिवाळीच्या बाजारात बचत गटाच्या टेबलावर मांडणार, शंभर-शंभर ग्रॅमच्या पिशव्या भरणार आणि लोकांकडून पैसे घेणार. म्हणून आज बोलणार आहे. मध्ये तोंड घालू नकोस.

चप्पल काढायच्या आधीच दारातून म्हणालीस, ‘बाई, कारलीच चांगली मिळाली नाहीत.’ पायरी चढेपर्यंत हवा दमट झाली. खुर्चीत टेकलीस तेव्हा शेगडीचा दोष निघाला. आणि पाणी पिऊन झाल्यावर कळलं की जाऊबाई ऐन तळणाच्या वेळी बोलत बसल्या होत्या. पाच मिनिटांत चार आरोपी उभे केलेस, त्यात करणारीचं नाव कुठे नाही. नववीत प्रयोग फसला की तू परीक्षानळीला नावं ठेवायचीस. पस्तिशी आली, मुलगा पाचवीत गेला, तुझी परीक्षानळी काही सुटली नाही.

कारल्याला आपल्याकडे आधीच पुष्कळ बोल लागलेत. तुपात तळा, साखरेत घोळा, ते कडूच, अशी म्हणच करून ठेवली आहे लोकांनी. अगं, पण त्याने कधी लपवलंय का? तू दुपारभर त्या कडूपणाशी भांडत बसलीस. उकडलंस, चोळलंस, धुतलंस, गूळ घातलास, वरून लिंबू पिळलंस. आणि ज्याच्याशी भांडायचं होतं ते पाणी या गडबडीत मागच्या दाराने पुन्हा पुन्हा घरात येत राहिलं. शंभर ग्रॅम कारल्यात नव्वद ग्रॅमहून जास्त पाणी असतं. ते बाहेर काढायचं आणि परत आत येऊ द्यायचं नाही, एवढाच या पदार्थाचा धडा. बाकी मसाला ज्याच्या त्याच्या घरचा.

काय काय केलंस ते विचारायची मला गरज नाही. डब्यात सगळं लिहिलेलं आहे. उत्तरपत्रिका वाचावी तसं वाचून दाखवते.

हा काप बघ. एक कड पापडाएवढी, दुसरी पुरीएवढी. सुरीने चिरलास, आणि समोर टीव्ही चालू होता. खोटं असेल तर सांग. पातळ कड करपून काळी झाली आणि जाड कड आत अजून ओली आहे. एकाच कापाला दोन वेगळे वेळ लागणार हे तेलाला कसं कळावं? चकत्या दीड-दोन मिलिमीटरच्या हव्यात, रुपयाच्या नाण्याएवढ्या, आणि सगळ्या सारख्या. बटाट्याचे वेफर्स करायची किसणी घरात असेल ना? माळ्यावर आहे? मग उतरव. शेवटचा बुटका तुकडा किसणीवर हाताने रेटू नकोस, बोट जाईल. तो भाजीत टाक.

हे मधोमध पांढरं लोंबतंय तो गाभा. कोवळ्या बिया राहिल्या तर चालतात, दाताखाली बऱ्याही लागतात. पण हा कापसासारखा गाभा आधी पाणी धरून बसतो आणि नंतर तेल पितो. कारल्याची दोन्ही टोकं कापून चमच्याच्या दांड्याने आरपार ढकललास की निघतो, मग किसणीवर छान कडी पडतात. वरचे काटे तासायच्या भानगडीत पडू नकोस, तळल्यावर सगळ्यात आधी तेच कुरकुरतात. आणि ही बी बघ, जून झालेली, कडेने लालसर. म्हणजे कारलं पिकायला लागलं होतं. तुझं ‘चांगली मिळाली नाहीत’ तेवढ्यापुरतं खरं धरू. पण पिशवीत ती भरली कोणी? दाबून बघायचं, ताठ आहे ना, पिवळी झाक नाही ना, एवढंच. आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तारा’ दिलंय, राहुरीने ‘हिरकणी’ आणि ‘फुले ग्रीन गोल्ड’ दिलंय. जात विचारून घ्यायची सवय फक्त हापूसपुरती ठेवलीय आपण.

आता मिठाचं. परासरण शिकवलं होतं, बटाट्याच्या फोडी खारट पाण्यात ठेवून दाखवलं होतं, तू पुढच्या बाकावर होतीस. पेशीच्या बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर येतं. पाव किलो चकत्यांना एक लहान चमचा मीठ हलक्या हाताने चोळायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. ताटलीत हिरवट पाणी जमतं. मग मूठमूठभर घेऊन पिळायचं. त्या पाण्याबरोबर थोडा कडूपणा जातो, आणि चकतीत जे मीठ राहतं त्याने उरलेला कडूपणा जिभेला कमी जाणवतो. दुप्पट काम एका चमच्यात. तू इथवर नीट आलीस, नाही म्हणत नाही. आणि मग काय केलंस? खारट होईल या भीतीने पिळलेल्या चकत्या नळाखाली धरल्यास. तोंडावर दिसतंय तुझ्या. अर्धा तास घालवून जे बाहेर काढलं ते अर्ध्या मिनिटात परत आत भरलंस! खारट होईल वाटत होतं तर चमचा आधी मोजायचा आणि पुढे पिठात मीठ घालायचं नाही.

आणि त्याच्याही आधी उकडून घेतलंस, तेही तूच सांगितलंस, मोठ्या कौतुकाने. भाजीला उकड, चिंचगुळाच्या रसात शिजव, माझी हरकत नाही. तळणाच्या चकत्या उकडल्या की लुळ्या पडतात, मग त्या पिळल्या तर फाटतात आणि न पिळल्या तर ओल्या राहतात.

पिळलेल्या चकत्या सुती पंचावर पसरायच्या, एकीवर एक येऊ द्यायची नाही, पंख्याखाली तासभर. आज हवा दमट आहे म्हणतेस? मग दोन तास. हवा दमट आहे हे कारण नव्हे, ते गणितातलं दिलेलं आहे, त्यावरून उत्तर काढायचं असतं. कोकणात जन्मलीस, हवा आजच कळली का तुला? केरळात कारल्याचं कोंडाट्टम करतात, तामिळनाडूत वत्तल करतात. चकत्या मीठ लावून, कुणी ताकात बुडवून, कडक उन्हात खडखडीत वाळवतात आणि लागतील तशा तळतात. आपली सांडगी मिरची वेगळं काय आहे? तळणीत पडली की दोन क्षणांत होते, कारण तिचं पाणी उन्हाने उन्हाळ्यातच नेलेलं असतं. तुझ्या आजीला परासरण हा शब्द ठाऊक नव्हता, पण वाळवण अंगणात घालताना तिने कधी घाई केली नाही.

नवरात्रात भोंडल्याला जाऊन आलीस ना? त्या गाण्यातल्या सासूला तुम्ही सगळ्या हसून हसून नावं ठेवता. सून माहेरी जायचं म्हणते आणि सासू तिला कारल्याच्या वेलापाशी अडकवून ठेवते. आधी वेल लावायचा, मग त्याला कारली येऊ द्यायची, मग भाजी करायची, मग खायची, तेव्हा माहेर. खाष्ट आहे, कबूल. पण एकही पायरी तिने गाळली नाही. तू मात्र दुपारी तीनला कारली आणलीस आणि साडेचारला डबा बंद केलास.

मसाल्याकडे वळू. डब्याच्या तळाशी हा लाल थर बघ, चमच्याने उचलता येईल. कापावर कमी, तळाशी जास्त. आणि जिथे चिकटलाय तिथे भजीसारखं कवच झालंय, म्हणजे पिठात पाणी घालून कालवलंस. पाव किलोला दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ आणि एक चमचा बेसन. तांदळाचं पीठ कुरकुरीतपणा देतं, बेसन खमंगपणा देतं, आणि बेसन जास्त झालं की भजी होते. लहान चमचाभर तिखट, पाव चमचा हळद, धणे-जिरे पूड, हिंग सढळ हाताने. पाण्याचा एक थेंब नको. चकतीवर जो दमटपणा उरलाय तेवढ्यावर पीठ बसतं. हे सगळं तेल तापल्यावर, घाणा सोडायच्या आधी, एका घाण्यापुरतंच चोळायचं. आधीच सगळ्यांना चोळून ठेवलंस की चकत्यांतलं मीठ पुन्हा पाणी ओढून आणतं आणि परातीत चिखल होतो.

हे काळे ठिपके गुळाचे. गूळ तेलात करपतो, आणि करपल्यावर जो कडवटपणा येतो त्याचा दोष पुन्हा कारल्यावर जातो. शिवाय गूळ हवेतली ओल धरतो. आंबटगोड हवं असेल तर तळून गार झाल्यावर आमचूर आणि चिमूटभर पिठीसाखर भुरभुरव. तू लिंबू पिळलंस. तळलेल्या कापावर लिंबू पिळणं म्हणजे पाणीच शिंपडणं आहे गं, त्याला फक्त वास चांगला येतो.

आता तळण. इथे खुर्ची जवळ घे.

तू रंगावर काप काढलेस. सोनेरी झाला, काढला. आच मोठी होती, तेल धुरकटायला आलं होतं, काप अर्ध्या मिनिटात तांबूस झाले आणि तू खूश झालीस. बाहेरून तांबूस, आतून ओले. कढईतून काढलास त्या क्षणी तो कुरकुरीत लागला असणार, खाऊन बघितला असशील, जाऊबाईंनाही दिला असशील. त्याही छान म्हणाल्या असतील. पण आतली ओल आतच बसून राहत नाही, हळूहळू बाहेरच्या कोरड्या कवचात उतरते. पाचला मोडणारा काप सातला वाकतो. हवा, शेगडी, जाऊबाई यांनी काही केलेलं नाही. तुझा काप स्वतःच्याच पाण्याने मऊ पडला.

तेल मध्यम तापवायचं, साधारण 160 ते 170 अंश. थर्मामीटर नसेल तर एक चकती टाक. तळाशी जाऊन बुडबुड्यांसकट सावकाश वर आली पाहिजे. टाकताक्षणी उसळून तांबूस झाली तर गॅस बारीक कर आणि थांब. तळाशीच पडून राहिली तर अजून थांब. घाणा छोटा, मूठभर, कढईत चकत्यांना पोहायला जागा हवी. एकदम सगळ्या ओतल्यास की तेल थंड होतं आणि चकत्या तळल्या न जाता तेलात शिजतात. या डब्यातले हे तुपकट, एकमेकांना चिकटलेले सहा काप तसेच झालेले आहेत.

आणि मग रंगाकडे बघायचं नाही, बुडबुड्यांकडे बघायचं. ते बुडबुडे कशाचे? तेलाचे नव्हेत. पाणी शंभर अंशाला उकळतं, तेल त्याच्या कितीतरी वर आहे, म्हणून चकतीतलं पाणी वाफ होऊन पळतंय, ते बुडबुडे. सुरुवातीला मोठे, फसफसणारे, कढईभर चरचर. दोन-तीन मिनिटांनी ते बारीक होतात, आवाज खाली येतो, एखाद-दुसराच बुडबुडा कडेने सुटतो. काप झाऱ्याला लागला की खणखणतो. तेव्हा काढायचा. आवाज थांबला म्हणजे पाणी संपलं. जाऊबाई बोलत होत्या यात त्यांचा काय दोष? तू त्यांचं ऐकत होतीस आणि कढई बोलत होती तिचं ऐकलं नाहीस.

काढून कुठे ठेवलेस? या कापाला उलटं अक्षर उमटलंय, ‘जाहि’ दिसतंय, पुढचं ‘रात’ दुसऱ्या कापावर असेल. छापील कागदात खाद्यपदार्थ ठेवू नका, शाई पोटात जाते, हे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण सांगून दमलं. आणि शाई सोड, सपाट कागदावर काप स्वतःच्याच वाफेत बसतो. चाळणीवर पसर, खालून हवा लागू दे. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. पूर्ण म्हणजे हाताला गार लागून आणखी दहा मिनिटं.

हसू नकोस. हे शेवटचं मी स्वतः शिकलेय, आणि स्वस्तात शिकलेले नाही. नोकरीला नवीन होते, शिक्षकखोलीत मिरवायला म्हणून पहाटे उठून काप तळले. बस चुकेल म्हणून गरमच डब्यात भरले, झाकण दाबलं. मधल्या सुट्टीत डबा उघडला तर झाकणाच्या आतून थेंब टपकत होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक काप बोटांत धरला, उजेडात फिरवला आणि गंभीरपणे विचारलं, ‘ही भाजी भाकरीबरोबर खायची की पोळीबरोबर?’ पुढची दोन वर्षं मी त्या खोलीत घरचं काही नेलं नाही.

आणि तेल. डबा उघडल्या उघडल्या मला बटाटेवड्याचा वास आला. रविवारचं उरलेलं तेल वापरलंस. घरात भाजीच्या फोडणीला वापर, ते निराळं. विकायच्या मालाला काळपट, फेसाळलेलं तेल चालणार नाही. 1 जुलै 2018 पासून नियमच आहे, तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांहून जास्त झाली की ते तेल बाद. तुझ्याकडे मोजायचं यंत्र नाही, माझ्याकडेही नाही. पण नाक दोघींकडे आहे. शेंगदाण्याचं ताजं तेल घे आणि त्याचा खर्च पिशवीच्या किमतीत धर, लपूनछपून नको.

राहिली ही चिठ्ठी. ‘कुरकुरीत’चा निकाल लागला. खालच्या ओळीत काय लिहिलंयस? ‘मधुमेहींसाठी उपयुक्त’. हे कोणी सांगितलं तुला? डॉक्टरांनी? नाही ना. सगळे म्हणतात म्हणून. कारल्याच्या औषधी गुणावर जगभर प्रयोग झालेत, आणि 2012 मध्ये कॉक्रेनच्या संशोधकांनी टाइप दोन मधुमेहावरच्या निवडक चाचण्या एकत्र तपासल्या. तपासायच्या लायकीच्या चारच सापडल्या, आणि ठाम काही म्हणावं इतका पुरावा त्यांत निघाला नाही. त्या चाचण्याही कारल्याच्या औषधी गोळ्या-पुड्यांच्या होत्या. तू विकते आहेस ते पिठात घोळवून तेलात तळलेले मिठाचे काप. एखाद्या म्हाताऱ्याने तुझी चिठ्ठी वाचून रोज वाटीभर खाल्ले आणि गोळी चुकवली, तर? कडू खाल्लं म्हणजे गुण येतो, हा आपला जुना गोड गैरसमज आहे. चव आवडते म्हणून लोक घेतील. मी स्वतः वरणभाताबरोबर मूठभर खाते, औषध म्हणून एक नाही.

रडायचं काही कारण नाही. ऊठ. आत ओट्यावर टोपलीत तीन कारली आहेत, ताठ आहेत, मी सकाळीच आणलीत. किसणी खालच्या कप्प्यात आहे. मिठाचा चमचा मोज, अंदाज नको. पंचा दोरीवर आहे, धुतलेला. चकत्या पसरल्यास की पंखा पाचवर कर आणि इकडे येऊन बस. त्या तासाभरात पेन घे आणि चिठ्ठीवरची खालची ओळ खोड, दोनदा, वाचता येणार नाही अशी. वरची ओळ राहू दे, संध्याकाळी कढईतून पहिला घाणा निघाला की तिचं बघू.

आणलेले काप फेकायचे नाहीत. ते काळे ठिपकेवाले आणि छापील अक्षराचे तेवढे काढ, बाकीचे दह्यात घाल, वरून हिंग-मोहरीची फोडणी दे, रात्री जेवायला कोशिंबीर होईल. दह्यात मऊ पडलेलं चालतं. आणि डबा घासून इथेच ठेवून जा. संक्रांतीला तिळगूळ भरून दिला होता तुला, तो माझाच आहे.